बॅससाठी टेक्सास, कॅरोलायना, ड्रॉप शॉट की नेड? आणि वजन किती?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही रत्नागिरीचे, लहानपणापासून खडपावर बसून गरवलेलं, सहा महिन्यांपूर्वी डॅलसच्या वर डेंटनला राहायला आलात. रे रॉबर्ट्स लेकच्या काठावरून बॅसच्या, म्हणजे इथल्या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या, मागे लागलाय. मीडियम स्पिनिंग रॉड आहे, अर्ध्या औंसची बुलेट शिसं घेतलीत, सहा इंची रबरी वर्म, म्हणजे नकली गांडूळ, लावताय, आणि दर तिसऱ्या-चौथ्या कास्टला, म्हणजे फेकीला, दगडात अडकून तुटतंय. दोन शनिवार मिळून एकच मासा लागला आणि तोही सुटला. दुकानात भिंतभर रिगची, म्हणजे शिसं, हुक आणि आमिष जुळवून बांधायच्या प्रकारांची, पाकिटं बघून गोंधळलात, आता विचारताय की ह्यातलं सगळ्यात चांगलं कुठलं ते सांगा म्हणजे तेवढंच घेईन. शिवाय मेहुण्यांनी दिलेली एक औंसची अंड्यासारखी शिसं चालतील का, हेही विचारलंय.

मी मूळची देवगडची, वडिलांबरोबर गरवायला जायचे. इथे नॉर्थ टेक्सासमध्ये चौदा वर्षं झाली बॅस धरतेय, त्यातली नऊ वर्षं फक्त काठावरून, नंतर कयाक घेतली. त्यामुळे तुम्ही जिथे उभे आहात तिथे मी खूप उभी राहिलेय.

माझ्या मते तुमचा प्रश्न रिगचा नाहीच. तुम्हाला माहीत नाहीये की तुमच्या वर्मच्या खाली काय आहे, दगड आहे, चिखल आहे, गवत आहे की बुडालेलं झाड आहे, आणि ते माहीत नसताना रिग निवडलं की ते नशिबावर जातं. ही सगळी रिगं म्हणजे एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत: वजन कुठे ठेवायचं आणि आमिष कुठे ठेवायचं. टेक्सास रिगमध्ये वजन आमिषाच्या नाकावर असतं. कॅरोलायनात वजन पुढे आणि आमिष दीड ते तीन फूट मागे मोकळं तरंगत येतं. ड्रॉप शॉटमध्ये वजन सगळ्यात खाली आणि आमिष त्याच्या वर एक फुटावर. नेड आणि शेकी हेडमध्ये वजन हुकलाच चिकटलेलं. एवढं डोक्यात बसलं की भिंतभर पाकिटांची भीती जाते.

आणि तुम्हाला ह्यातलं अर्धं आधीच येतंय. तुम्ही लिहिलंय की गावी तंगूसच्या, म्हणजे नायलॉनच्या दोरीच्या, टोकाला शिसं आणि त्याच्या वर गरी बांधायचात, म्हणजे शिसं अडकलं तरी गरी वर राहते. ड्रॉप शॉट तेच आहे. फरक इतकाच की इथे आमिष कोळंबीचं नाही, रबराचं आहे, त्याला वास जवळजवळ नाही, म्हणून ते कसं पडतं आणि कसं हलतं ह्याच्यावर सगळा खेळ. कोळंबी तळाला पडून राहिली तरी मासा वासावर येतो, रबर दगडाच्या फटीत रुतून बसलं तर कोणी येत नाही.

आता वजनाचं बोलते, कारण तुमचा मुख्य घोटाळा तिथे आहे. सुरुवातीला मीपण अर्धा औंसच वापरायचे, लांब जातं म्हणून. मग एका उन्हाळ्यात आमच्या अपार्टमेंटच्या स्विमिंग पूलमध्ये पहाटे कोणी नसताना हुकची टोकं कापून सगळी वजनं एकेक करून टाकून बघितली. ज्याला शक्य असेल त्याने एकदा हे नक्की करावं. अर्ध्या औंसवर वर्म दगडासारखा सरळ खाली जातो, शेपूट नुसती मागे ताणलेली, काही हालचाल नाही. १/८ औंसला खाली जायला साधारण दुप्पट वेळ लागतो आणि त्या वेळात शेपूट हलत राहते, वर्म थोडा तिरका सरकत उतरतो. वजन चौपट झालं तर वेग चौपट होत नाही, दुप्पटच्या आसपास होतो, कारण पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पण तो दुप्पट वेगसुद्धा माशासाठी खूप झाला. काठाजवळच्या बॅसला खूप वेळा आमिष पडतानाच घ्यायचं असतं, तळाला पोचल्यावर नाही. शिवाय बॅस चावत नाही, तोंड झटकन उघडून पाण्यासकट आत ओढतो. हलकी वस्तू सहज आत जाते, नाकावर जड शिसं असलं तर ओढा लागूनही ती अर्धवट आत जाते किंवा जातच नाही. तुम्हाला जे "टक झालं आणि काहीच नाही" असं वाटलं, त्यातलं थोडं हे असणार.

म्हणून माझा हिशोब असा आहे की तळ हाताला कळेल इतपत सगळ्यात कमी वजन. तळ कळलाच नाही तर एक साइझ वर. आकड्यात सांगायचं तर, सहा फुटांपर्यंतच्या पाण्यात १/८ किंवा ३/१६ औंस, साधारण बारा फुटांपर्यंत १/४, त्याच्या पुढे वीसेक फुटांपर्यंत ३/८, आणि अर्धा औंस मी त्याहून खोल किंवा जोराच्या वाऱ्यात किंवा दाट गवतात वापरते. वारा असेल तर एक साइझ वर जा कारण दोरीला पोट पडतं आणि मग काही कळत नाही, आपल्याकडे वसंतात वारा किती असतो ते तुम्ही बघितलंच. जाड दोरीलाही वजन थोडं जास्त लागतं. हे आकडे माझ्या पाण्यातले आणि माझ्या रॉडचे, तुमच्या रॉडचं टोक मऊ असेल तर ३/१६ फेकायला बरं वाटेल, कडक असेल तर १/४ शिवाय जाणारच नाही. हे तुम्हालाच करून बघावं लागेल.

काठावरून गरवणाऱ्याला अजून एक अडचण असते जी बोटवाल्यांच्या व्हिडिओत कधी सांगत नाहीत. बोटीतला माणूस काठाकडे फेकतो आणि उथळातून खोलाकडे ओढतो, म्हणजे त्याचं वजन उतारावरून खाली घरंगळतं, फटीतून सुटत येतं. आपण काठावरून खोलात फेकतो आणि चढावर ओढतो, त्यामुळे वजन प्रत्येक दगडाच्या खालच्या बाजूला जाऊन पाचरीसारखं बसतं. तेच रिग, तोच तलाव, पण आपलं चौपट अडकणार. त्यावर दोन उपाय. वजन कमी करा, आणि सरळ समोर फेकू नका, काठाला समांतर किंवा तिरकं फेका. तिरकं फेकलं की वजन एकाच खोलीवर राहतं आणि दगडावरून आडवं येतं. मी हे एक बदललं तेव्हा माझी शिसं जाणं निम्म्याहून कमी झालं, आणि मासेही वाढले कारण बॅस काठाजवळच फिरत असतात, आपण उगाच त्यांच्या डोक्यावरून लांब फेकत असतो.

अडकलंच तर जोर लावून ओढू नका, त्याने ते आणखी घट्ट बसतं. दोरी किंचित ताणा, रॉडच्या पुढची दोरी बोटांनी धनुष्याच्या दोरीसारखी ओढून फट्कन सोडा, चार-पाच वेळा. त्या झटक्याने शिसं मागे उडी मारतं. नाही सुटलं तर काठाने दहा-पंधरा पावलं चालत जाऊन दुसऱ्या बाजूने प्रयत्न करा.

आता रिग. तळानुसार सांगते.

गवत, झुडूप, बुडालेलं लाकूड असेल तर टेक्सास. हुकचं टोक वर्मच्या अंगात लपलेलं असतं म्हणून ते अडकत नाही आणि बुलेटचं निमुळतं तोंड गवतातून वाट काढतं. इथे बुलेटच्या वर रबरी स्टॉपर घालून ते वर्मला चिकटवून ठेवा, नाहीतर शिसं फांदीच्या एका बाजूला आणि वर्म दुसऱ्या बाजूला राहतो. पण मोकळ्या तळावर स्टॉपर काढा, शिसं सरकतं ठेवा, मग माशाने घेतल्यावर त्याला वजन लगेच जाणवत नाही आणि तो जास्त वेळ धरून ठेवतो. लेक फोर्कला कधी गेलात तर तिथे हेच कामाला येईल, तो तलाव १९८० मध्ये भरायला घेतला तेव्हा झाडं बरीचशी तशीच उभी ठेवली होती, आजही पाण्यात लाकूडच लाकूड आहे. टेक्सासचा रेकॉर्ड बॅस, १८.१८ पौंडांचा, तिथलाच, जानेवारी १९९२ चा.

वर्म लावण्यात मात्र घाई करू नका, तुमचा मासा बहुतेक इथे सुटला. नाकातून पाव इंच आत घालून टोक बाहेर काढायचं, हुक फिरवून डोळ्यापर्यंत वर ओढायचं, मग हुक वर्मच्या बाजूला धरून बघायचं की त्याचा वाक नेमका कुठे येतो, बरोबर तिथूनच आरपार घालायचं आणि टोक पुन्हा कातडीखाली जेमतेम लपवायचं. वर्म सरळ सुतासारखा लटकला पाहिजे. वाकडा राहिला तर ओढताना भिरभिरतो, दोरीला पीळ पडतो आणि मासा शंका घेतो. सहा इंची वर्मला ३/० साइझचा रुंद वाकाचा हुक पुरतो. आणि मासा लागल्यावर आधी रीळ फिरवून ढील काढा, रॉडवर वजन जाणवलं की मग जोरात उचला. ढिल्या दोरीवर कितीही जोरात मारलं तरी टोक रबरातून बाहेरच येत नाही.

मोठा सपाट तळ, वाळू-खडी, खोल पॉइंट (पाण्यात शिरलेलं जमिनीचं टोक) असेल तर कॅरोलायना. अर्धा ते एक औंस, मग मणी, मग स्विव्हल (फिरती कडी), मग दीड ते तीन फुटांचा लीडर (पुढचा वेगळा दोरीचा तुकडा) आणि हलका हुक. शिसं तळावर खरखरत, धूळ उडवत पुढे जातं आणि वर्म मागून मोकळा तरंगत येतो, म्हणजे वजन जड असूनही आमिष हलकंच वागतं. उन्हाळ्यात मासे काठ सोडून खोल गेले की हे रिग मोठा भाग पटकन चाळून काढतं. पण मी नवख्याला काठावरून हे देत नाही. लांब लीडर फेकताना गुंततो आणि चढावरच्या दगडात ते जड शिसं हमखास जातं. सपाट वाळूचा बीचसारखा काठ मिळाला तरच.

नुसता दगड असेल, म्हणजे धरणाच्या भिंतीचा रिप-रॅप (रचलेले दगड) किंवा तुमचा तो पॉइंट, तर ड्रॉप शॉट किंवा नेड. ड्रॉप शॉट जपानकडून इकडे आलं, अमेरिकेत पश्चिमेकडच्या स्वच्छ खोल तलावांवर आधी रुजलं, त्यामुळे लोकांना वाटतं ते बोटीतून सरळ खाली सोडायचंच रिग आहे. अजिबात नाही. काठावरून फेकून हळूहळू आणता येतं, फक्त तिरक्या दोरीमुळे आमिष तळाच्या जवळ येतं म्हणून हुक आणि वजनातलं अंतर थोडं जास्त ठेवा, दीड फूट म्हणा. पॅलोमर गाठ मारायची, उरलेलं लांब टोक हुकच्या डोळ्यातून वरून पुन्हा खाली ओवायचं म्हणजे हुक आडवा उभा राहतो आणि टोक वर बघतं. दगडात गोल किंवा थेंबासारखं वजन, गवतात लांबट दांडीसारखं. ह्या वजनांना वर बारीक चिमटा असतो, दोरी नुसती त्यात अडकवायची, गाठ मारू नका. अडकलं की जोर दिल्यावर दोरी चिमट्यातून निसटते आणि फक्त शिसं जातं, हुक आणि वर्म परत मिळतो. तुमच्यासारख्या दगडावर गरवणाऱ्याला ह्या एका गोष्टीने किती पैसे वाचतात बघा. आणि हो, रॉड सतत हलवू नका. वजन तळावर ठेवून दोरी जराशी ढिली-ताठ केली तरी पुष्कळ.

नेड रिग म्हणजे अडीच-तीन इंची जाड तुकडा आणि १/१५ ते १/६ औंसचं चपट्या डोक्याचं जिग (डोक्यालाच वजन असलेला हुक). कॅन्ससचे नेड केडी ह्यांच्या नावावरून. दिसायला अगदी साधं, लोक हसतात, पण नवख्याला पहिला मासा मी ह्याच्यावरच मिळवून देते. झी-मॅन कंपनीचं रबर तरंगतं म्हणून तळावर टेकल्यावर आमिष शेपूट वर करून उभं राहतं, क्रॉफिश (गोड्या पाण्यातला शेवंडासारखा प्राणी) नांग्या उगारून मागे सरकतो तसं. टाका, पडू द्या, दहा आकडे मोजा, एक फूट ओढा, पुन्हा थांबा. हुकचं टोक उघडं असतं म्हणून झुडपात मात्र नको. आणि हे रबर दुसऱ्या कंपन्यांच्या वर्मबरोबर एका डब्यात ठेवू नका, एकमेकांत वितळून चिकट गोळा होतो, माझा एक अख्खा डबा गेलाय.

तळ कसा ओळखायचा असं तुम्ही पुढे विचारालच. पहिला अर्धा तास मासा विसरा. टंगस्टनचं १/४ औंस बांधा, काठाने पंख्यासारखं सगळीकडे फेका, रॉड आडवा ठेवून हळू ओढा, एक बोट दोरीवर. दगडावर टक टक असं स्पष्ट कळतं. खडीवर बारीक खरखर. चिखलात काहीच आवाज नाही, ओलं पोतं ओढल्यासारखं वाटतं. गवतात रबरासारखं ताणतं आणि मग सुटतं. लाकडावर हळूहळू जड होत वर चढतं आणि एकदम खाली पडतं. आणि जिथे एक प्रकार संपून दुसरा सुरू होतो, चिखल संपून खडी लागते, ती जागा लक्षात ठेवा, मला तर सगळ्यात जास्त बॅस अशाच सीमेवर मिळालेत. मासा लागणं ह्या सगळ्यापेक्षा वेगळं असतं. कधी एकच टक, पण खूपदा नुसतं वजन नाहीसं झाल्यासारखं वाटतं किंवा दोरी आपोआप बाजूला सरकायला लागते. शंका आली तर ढील काढून उचला, फुकट आहे.

टंगस्टन का म्हणाल तर ते शिशापेक्षा खूप घन आहे, घनता १९.३, शिशाची ११.३, त्यामुळे त्याच वजनाचा तुकडा आकाराने बराच लहान आणि फटीत कमी अडकतो, आणि कडक असल्यामुळे तळाचा आवाज हातापर्यंत येतो. शिसं मऊ, ते आवाज पिऊन टाकतं. पण टंगस्टन कितीतरी महाग आहे, म्हणून मी तळ शोधायला आणि टेक्सास रिगला टंगस्टन वापरते, जिथे जाणारच आहे तिथे, म्हणजे दगडातल्या ड्रॉप शॉटला, साधं स्वस्त वजन. कधी ईशान्येकडे गरवायला गेलात तर आधी नियम बघा. न्यू हॅम्पशायरमध्ये एक औंस किंवा त्याहून हलकी शिशाची सिंकर (दोरीची वजनं) आणि जिग चालत नाहीत, मॅसॅच्युसेट्सच्या गोड्या पाण्यातही एक औंसच्या आतल्यांवर बंदी आहे. लून नावाचे पाणपक्षी ती गिळतात आणि विषबाधेने मरतात. माझ्या मते बंदी नसली तरी हलक्या वजनात शिसं जमेल तेवढं टाळावं.

रे रॉबर्ट्सबद्दल एक खास. तिथे २०१२ पासून झेब्रा मसल आहेत, दगडांवर चिकटलेले छोटे शिंपले, कडा ब्लेडसारख्या. तुमची दोरी नुसती अडकून तुटत नाहीये, ती आधी चिरली जातेय. दर दहा-बारा कास्टनंतर शेवटची तीन फूट दोरी नखातून ओढून बघा, खडबडीत लागली की कापून पुन्हा बांधा. रिळावर ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे आठ-दहा पौंडांचा फ्लोरोकार्बन लीडर असं ठेवलंत तर बरं, फ्लोरो घासायला चिवट आहे. गाठ आवळताना थुंकीने ओली करायला विसरू नका.

मग घ्यायचं काय? एकच रिग विचारलंत, मी दोन सांगते, त्याखाली जमणार नाही. दगडासाठी ड्रॉप शॉट, १/४ औंसची आठ-दहा वजनं, १ नंबर साइझचे हुक आणि चार इंची बारीक वर्म. गवत-लाकडासाठी टेक्सास, ३/१६ औंसची चार बुलेट, ३/० चे हुक, स्टॉपर, आणि तुमच्याकडचे सहा इंची वर्म आहेतच. रंगाचा फार विचार नको, गढूळ पाण्यात काळा-निळा, स्वच्छ पाण्यात ग्रीन पम्पकिन. दोन महिने एवढंच वापरा. नेड वाटलं तर नंतर.

फाटलेले वर्म पाण्यात टाकू नका, खिशात घाला, मासे ते गिळतात आणि पोटात फुगून राहतात. लायसन्सचं विचारलं नाहीत पण सांगते, स्टेट पार्कच्या आत काठावरून गरवायला टेक्सासमध्ये लायसन्स लागत नाही, फक्त पार्कची एंट्री. बाहेर कुठेही गेलात तर लागतं, आणि वर्षाचं लायसन्स बहुतेक ३१ ऑगस्टला संपतं, त्यामुळे जुलैत घेऊ नका. लेक फोर्कला १६ ते २४ इंचांमधला बॅस ठेवता येत नाही, सोडावा लागतो.

मेहुण्यांची एक औंसची शिसं बॅसला काठावरून नकोत, पण टाकून देऊ नका. तीच सरकती ठेवून, खाली स्विव्हल, दीड फूट जाड लीडर आणि मोठा हुक लावून, चिखलाच्या तळावर संध्याकाळी कापलेल्या माशाचा तुकडा सोडा. तिथे वासाचं आमिष चालतं, वाट बघत बसायचं असतं, आणि कॅटफिशची ओढ लागली की तुम्हाला रत्नागिरीचं खडप आठवेल.